हम्मुराबीच्या प्रश्नाला शून्य

रविवारी सकाळी खुटबावहून चौफुल्याला, तिथून न्हावऱ्यामार्गे शिरूरला, असा माझा प्रवास कित्येक वर्षं चालू आहे. शिरूरला एका शाळेच्या इमारतीत नोकरी सांभाळून पदवी घेणाऱ्यांचे वर्ग भरतात. तिथं मी इतिहास शिकवते. पेपरचं नाव प्राचीन आणि मध्ययुगीन जग. नाईलच्या काठापासून मंगोल घोडेस्वारांपर्यंत सगळं मोजक्या रविवारांत उरकायचं असतं. समोर बसलेले बहुतेक रांजणगावच्या कंपन्यांत कामाला. शिफ्ट संपवून कुणी कंपनीच्या बसनं थेट येतं, कुणी मोटरसायकलवर. चेहऱ्यावर झोप असते आणि हातात गाईड.

ती मात्र गाईड आणायची नाही. पस्तिशीची बाई, दोन मुलींची आई, ड्रेसवर कंपनीचा निळा एप्रन तसाच. दहावीनंतर लग्न झालं होतं. बारावी तिनं वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून बाहेरून दिली होती. पहिल्या बाकावर बसायची आणि मी बोलेन ते सगळं उतरवून घ्यायची.

त्या दिवशी मी हम्मुराबी शिकवत होते. बॅबिलोनचा राजा, त्यानं उभा केलेला काळा दगड, त्यावर कोरलेले कायदे. डोळ्याच्या बदल्यात डोळा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, दोघातिघांनी मान हलवली. मग मी पुढचं सांगितलं. डोळा फोडणारा आणि डोळा गेलेला दोघंही वरच्या दर्जाचे असतील तरच डोळ्याला डोळा. सामान्य माणसाचा डोळा फोडला तर चांदी दिली की काम संपलं. गुलामाचा फोडला तर भरपाई गुलामाला नव्हे, मालकाला.

तिचं पेन थांबलं.

"मॅडम, म्हंजी डोळा कुणाचा गेला त्यावर शिक्षा ठरायची?"

"हो."

"आन् हे दगडावर लिहून ठेवलं होतं? उघड?"

"उघड. चौकात येणाऱ्याला दिसेल असं."

तास संपल्यावर ती दाराशी थांबली. तिचा नवरा एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता, ठेकेदाराच्या माणसांत. आदल्या वर्षी मशीननं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. त्याच्या चार महिने आधी त्याच खात्यात, त्याच मशीनवर एका कायम कामगाराचं बोट गेलं होतं. त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, बरा झाल्यावर स्टोअरला बसून काम दिलं. तिच्या नवऱ्याला शिरूरला पट्टी बांधून घरी आणून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी गेटवर त्याच्या जागी दुसरा उभा केला.

"त्यांनी दगडावर लिहिलं तरी होतं," ती म्हणाली. "इथं तर लिहिलेलं बी न्हाई कुठं."

मी तिला म्हटलं, हे उत्तरात लिहा. आधी कायदा नीट मांडा, मग हे लिहा. इतिहास यासाठीच असतो. असं बोलताना मला स्वतःचा जरा अभिमानच वाटला होता, हे आज कबूल करते.

परीक्षेत प्रश्न आला. हम्मुराबीच्या कायदेसंहितेचे महत्त्व स्पष्ट करा. निकाल लागला तेव्हा ज्यांनी गाईड पाठ केलं ते सगळे पास होते आणि ती इतिहासात तीन गुणांनी नापास. बाकीच्या सगळ्या विषयांत उत्तम.

ती रडत आली नाही. तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती, ती माझ्यासमोर ठेवली. "मी चूक काय लिहिलं तेवढं सांगा."

दीड पानाचं उत्तर होतं. पहिल्या पानावर तिनं कायदे मांडले होते, दर्जानुसार शिक्षा कशी बदलते ते दोन उदाहरणं देऊन. पुढच्या अर्ध्या पानावर लिहिलं होतं, कायदा लिहून ठेवला म्हणून तो सगळ्यांना सारखा होत नाही, आणि नवऱ्याच्या हाताची हकीकत चार ओळींत. कुठं रडगाणं नाही, कुठं शिवी नाही. त्या सगळ्यावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी लाल रेघ होती. समासात लिहिलं होतं, अवांतर. खाली शून्य.

चार ओळी अवांतर मानल्या तरी पहिल्या पानाला शून्य कसं? माझं डोकंच फिरलं. झेरॉक्स घेऊन मी केंद्राच्या समन्वयकांकडे गेले. दौंडचे गृहस्थ, निवृत्त प्राध्यापक, वयानं मोठे. एरवी माझ्याशी नीट वागणारे.

"मॅडम, मॉडेल आन्सर बघा," त्यांनी कागद पुढं सरकवला. "यात हाय ते लिहिलं तर मार्क. त्या बाईनं उलटंच लिहिलंय."

कागदावर पहिलाच मुद्दा होता. हम्मुराबीने कायद्यापुढे सर्वांना समान मानून समान न्याय दिला.

"सर, हे चूक आहे. साफ चूक. तिनं लिहिलंय ते बरोबर आहे."

"असंल. पण परीक्षक शेकडो पेपर बघतो. त्यानं कागद बघायचा का हम्मुराबीला विचारायला जायचं?" ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही कशाला त्यांना असलं डोक्यात घालता? कंपनीतल्या बायका हायेत. पदवी पाहिजे, प्रमोशनला उपयोगी पडती. त्यांना कुठं इतिहास करायचाय?"

मी विचारलं, हे मॉडेल आन्सर आलं कुठून? त्यांनी कपाटातून नोट्सची जुनी पुस्तिका काढली. मुद्दा जसाच्या तसा त्यातून उचललेला होता. मुखपृष्ठ फाटलं होतं, पण मला ते बघायची गरज पडली नाही. वाक्य माझं होतं.

फार वर्षांपूर्वी, नवीन लागले तेव्हा, एका प्रकाशकासाठी मी त्या नोट्स लिहिल्या होत्या. आठवड्यात सगळं हवं होतं. जुन्या एका गाईडमधून मुद्दे घेतले, भाषा बदलली आणि पाठवून दिलं. मूळ कायदे उघडूनही पाहिले नव्हते. पुढं वाचन वाढलं, वर्गात मी बरोबर शिकवू लागले, पण ते वाक्य छापून गेलं ते गेलंच. माझ्याच चुकीच्या वाक्यानं माझ्याच विद्यार्थिनीचं बरोबर उत्तर कापलं होतं. मी समन्वयकांवर ओरडत होते आणि ओरडायला जागा माझ्यावरच होती.

पुढच्या रविवारी तिला सगळं सांगितलं. सांगताना मान वर करवत नव्हती. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, चिडेल. चिडलीच, पण वेगळ्या तऱ्हेनं.

"मंग आता तुमीच लिहून द्या त्यांना. तुमची सही करून."

मी लिहून दिलं. नोट्समधला मुद्दा माझा, तो चुकीचा, विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर, असं स्वच्छ लिहिलं, सोबत मूळ कायद्यांच्या भाषांतराची पानं जोडली. समन्वयकांनी ते तिच्या फेरतपासणीच्या अर्जासोबत पुढं पाठवलं, पण पाठवताना म्हणाले, "मॅडम, स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव खराब करताय." मी म्हटलं, नाव खराब आधीच झालंय सर, आता कागदावर येतंय एवढंच.

दोन महिन्यांनी कंपनीच्या बसमधून तिचा फोन आला. मागं इंजिनचा आवाज, बायकांची गडबड.

"पास झाले मॅडम. तीन मार्क वाढले."

मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "पण त्या उत्तराला न्हाई वाढले. ते शून्यच हाय. सिंधू संस्कृतीच्या उत्तरात वाढवलेत. तिथं काय चुकलंच नव्हतं की माझं, आधीच पुरेसे दिलते."

म्हणजे कुणीतरी बसून हिशेब जुळवला होता. बाई पास व्हावी, तक्रार मिटावी आणि मॉडेल आन्सर तसंच राहावं. मी दिलेलं पत्र कुणी वाचलं की नाही, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. तिनं पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, उत्तीर्ण विद्यार्थ्यास पुनर्मूल्यांकन लागू नाही. त्या एका ओळीचा मला जेवढा संताप आला तेवढा नापास झाल्याच्या निकालाचाही आला नव्हता. चूक दाखवणाऱ्याला गप्प करायची ही किती सभ्य रीत.

मग मीही हट्टाला पेटले. उत्तरं ठरवणाऱ्या समितीत जागा रिकामी होती. तोपर्यंत ते काम मी टाळत आले होते, आता मागून घेतलं. पहिल्याच बैठकीत ते वाक्य काढलं. एक जण म्हणाला, मुलं इतकी वर्षं हेच लिहितात, गोंधळ होईल. मी म्हटलं, होऊ द्या गोंधळ. तासभर वाद झाला आणि वाक्य बदललं. शिक्षा सामाजिक दर्जानुसार भिन्न होत्या, एवढंच. का बदललं, कुणामुळं बदललं, याची नोंद कुठं नाही. मी आग्रह धरला, पण ते नियमात बसत नाही म्हणे.

तिच्या नवऱ्यानं ठेकेदाराविरुद्ध कामगार कार्यालयात तक्रार केलीय. अर्ज तिनंच लिहिला. तारखा पडतायत. तो आता एका गोडाऊनवर वॉचमन आहे. ती एमएला बसली आहे, पुन्हा इतिहासच घेऊन, पण रविवारी सुट्टी असली की अजूनही माझ्या तासाला येऊन पहिल्या बाकावर बसते.

मागच्या रविवारी मी युरोपातली प्लेगची साथ शिकवत होते. पुस्तकात एकच ओळ आहे, साथीमुळे मजुरीचे दर वाढले. मी पुढचं सांगितलं. माणसं इतकी मेली की शेतात राबायला हात उरले नाहीत, जगले त्यांनी जास्त मजुरी मागितली, तर इंग्लंडच्या राजानं लगेच कायदा केला, साथीच्या आधी मिळत होती तेवढ्यातच काम करायचं, नाही केलं तर शिक्षा.

ती उठून उभीच राहिली. "माणसं मरत होती तवा काय केलं राजानं?"

"फारसं काही नाही."

"आन् मजुरी वाढली तवा लगेच कायदा?"

मागच्या बाकांवर झोप लागलेले जागे झाले. एकानं गाईड मिटलं. कंपनीच्या पेंट शॉपमधला, रंगकामाच्या खात्यातला एक बिहारी मुलगा म्हणाला, लॉकडाऊन में हमारे साथ भी यही हुआ था, गाँव जाने नहीं दे रहे थे. मग एकेक जण बोलायला लागला. कुणाचा आवाज चढला, कुणी टेबलावर हात आपटला. तास संपून गेला होता. शिपाई दोनदा डोकावून गेला, कुलूप लावायचं होतं त्याला. मी त्याला थांबा म्हटलं आणि खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसले.