नकाशातलं निळं तळं

माझ्या हातून एकदा मंगळवेढ्याच्या माळावर अख्खं तळं सांडलं. हसू नका, खरंच सांगतोय! आणि ते चहाचे कप आधी खाली ठेवा, नाहीतर तुमच्याही हातून सांडेल.

बहात्तरचा दुष्काळ सरून थोडे दिवस झाले होते. दिल्लीला कुणाच्या तरी मनात आलं, की सगळ्या देशाच्या पाण्याचा एकच आराखडा करायचा. नदी, ओढा, तळं, जमिनीखालचं पाणी, सगळं एकत्र धरून. कुठं आहे ते बघायचं आणि जिथं नाही तिथं द्यायचं. म्हणून प्रत्येक जिल्ह्यानं आपल्या पाण्याचा नकाशा पाठवायचा होता.

सोलापूरचा नकाशा काढायला कोण? तर मी! पाण्याच्या हापिसातला ट्रेसर. खाली जुना नकाशा, वर पातळ कापड. त्यावर गिरवायचं आणि पाणी असेल तिथं निळा रंग भरायचा. आपल्या जिल्ह्यात निळ्या रंगाची एक बाटली वर्षभर पुरायची, यावरून काय ते ओळखा.

मे महिना, दुपारचे तीन. पंखा नुसता नावाला फिरत होता. माझा कुंचला माझ्या सासुरवाडीपाशी पोचला. ज्वारीचं गाव, पण प्यायच्या पाण्याला कोसभर चालायचं. सासूबाईंना डोक्यावर हंडा नसताना मी कधी बघितलंच नव्हतं. मनात आलं, हितं एक तळं असतं तर?

आणि तळं आलंच की हो! गार, लांबवर पसरलेलं. काठावर शालन, म्हणजे आमची मंडळी, पाण्यात पाय सोडून बसलेली. बगळे सावकाश उतरत होते. सासूबाई रिकाम्या डोक्यानं निवांत पान चघळत होत्या. वाऱ्यानं पाणी हलायचं, चुबुक चुबुक आवाज यायचा. असं वाटत होतं, हितनं उठूच नये.

उठलो तेव्हा गाल ओला होता. निळा! बाटली कलंडलेली, आणि नकाशात सासुरवाडीच्या उशाला चांगला बोराएवढा डाग.

खरवडावं तर कापड फाटतंय. नव्यानं गिरवावं तर आठवडा जातोय. आणि नकाशा पाचच्या आत पुण्याला निघायचा! शहाणा माणूस साहेबाला सांगून मोकळा झाला असता. मी डागाला सुबक काठ काढला. आत बारीक लाटा काढल्या. म्हटलं, एवढ्या मोठ्या देशात एक तळं जास्त झालं तर कोण मोजतंय?

मोजलं हो! काही महिन्यांनी आमचे सासरे, तुकाराममामा, कागद घेऊन दारात हजर.

‘‘जावईबापू, आमच्या हिरीचा अर्ज नामंजूर केला की वो! गावाशेजारी तळं हाय म्हनं. कुटं हाय तळं, तुमी तरी सांगा!’’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तसाच आत गेलो आणि शालनला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला, आणि जाऊन बापाला सांगितलं. मामांनी अर्जाच्या कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, ‘‘बोलू नगा कुटं. नोकरी जाईल तुमची.’’

मी बोललो नाही. पण दिल्लीच्या मोठ्या साहेबांनाच नवल वाटलं होतं, की असल्या कोरड्या माळावर तळं कसं? ते मूळचे विदर्भातले. म्हणाले, तळं डोळ्यांनी बघतो. वाट दाखवायला कोण? पुन्हा मीच!

जीप गावात शिरली तर सगळा गाव गोळा झालेला. एका घरचा जावई म्हणजे गावाचा जावई. त्याला परक्या साहेबापुढं खोटं कसं पाडायचं? मामांनी सगळ्यांना आधीच पढवून ठेवलं होतं.

‘‘तळं कुठं आहे?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘ह्ये काय, हितंच की!’’ मामांनी एका कोरड्या खळग्याकडं बोट केलं. ‘‘औंदा जरा आटलंया.’’

‘‘मासं लई घावायचं,’’ एक म्हातारा म्हणाला.

‘‘व्हय व्हय! माजं रेडकू बुडालं हुतं त्यात!’’ दुसरा म्हणाला, आणि चक्क डोळे पुसायला लागला.

साहेब मान हलवत वहीत लिहायला लागले. त्यांनी ‘तळं आहे’ असं लिहिलं की विहीर कायमची गेली! माझी नोकरी वाचावी म्हणून अख्खा गाव आपली विहीर बुडवत होता, आणि मी नुसता घाम पुसत उभा.

तेवढ्यात लांबून सासूबाई आल्या. डोक्यावर हंडा, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. पाहुण्याला म्हणून पहिला तांब्या त्यांनी साहेबांना दिला.

‘‘तळ्याचं का पाणी?’’

‘‘तळ्याचंच की,’’ सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, आणि पदरानं मानेवरचा घाम टिपला.

मला राहवलं नाही. ‘‘साहेब, खोटंय सगळं! तळं नाही, माझी डुलकी आहे ती! बाटली सांडली, मी वर लाटा काढल्या. मला घरी बसवा, पण यांना विहीर द्या!’’

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, खळग्याकडं बघितलं. तिन्ही बाजूंनी चढ, चौथीकडं अरुंद वाट. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, ‘‘पाणी अडवायला याहून चांगली जागा तालुक्यात नसेल. आमच्या जागत्या माणसांना नाही सापडली!’’

आधी विहीर झाली. मग दुष्काळी कामातून बांध घातला, आणि दोन पावसाळ्यांनी तिथं खरंच पाणी हललं. चुबुक चुबुक! माझी नोकरीही राहिली. शिक्षा एवढीच, की वरून हुकूम आला: तलावाला गाव देईल ते नाव नव्या नकाशात त्याच ट्रेसरनं आपल्या हातानं लिहावं.

मला वाटलं, जावयाचं नाव देतील. मी तर अक्षर घोटायलाही बसलो होतो! ग्रामपंचायतीचा ठराव आला, एकमतानं: ‘डुलकी तलाव’.

शालननं कागद वाचला आणि म्हणाली, ‘‘नीट लिवा बरं का. आन् जागं राहून!’’