चालतं विमान काहून खोलता?

विमानांच्या जगात अधूनमधून एक कागद येतो. तो आला की कुणी वाद घालत नाही. कुठल्या तरी देशात एखाद्या विमानातली तार घासलेली सापडते आणि त्या जातीच्या सगळ्या विमानांना हुकूम सुटतो. इतक्या तासांच्या आत अमुक झाकण उघडा, आतला तारांचा जुडगा तपासा, तो आवळून धरणारे जुने क्लॅम्प काढून नवे बसवा, तारेवर जाड स्लीव्ह चढवा. नाही केलं तर विमान जमिनीवर. मी नागपूरला विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये विजेचं काम करते. असा कागद आला की टॉर्च घेऊन पंखात शिरणाऱ्यांत मी असते.

हे सगळं मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पहिल्यांदा फोनवर सांगितलं. वसमतहून येताना शिरड शहापूरच्या अलीकडे आमचं शेत आहे. हळद, थोडी केळी, एक विहीर. आई आणि आबा तिथेच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, राहतात. आबा सातवी शिकलेले, पण शिवारात कुणाची मोटार बंद पडली की बोलावणं त्यांनाच. तार दातानं सोलायला मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात त्यापायी वर्गासमोर अशी बोलणी खाल्ली की आजही आठवलं की कान तापतात.

"विमान बंद पडलंय का?" सगळं ऐकून आबांनी विचारलं.

"न्हाई, चांगलं उडून राहिलंय."

"मग चालतं विमान काहून खोलता?"

"पुढं काही होऊ नये म्हणून."

"चालत्या वस्तूला हात लावला की ती बिघडती, माय. ध्यानात ठेव."

मी फोनवरच कपाळाला हात लावला. सगळ्या शिवारात ज्यांच्या हाताला गुण आहे असं म्हणतात, त्या माणसाचं हे शास्त्र!

तेव्हा जे काम चालू होतं ते पंखातल्या तारांचं होतं. इंधनाच्या टाकीलगत एक जुडगा जातो. विमान उडताना थरथरतं, जुडगा क्लॅम्पच्या कडेला थोडा थोडा घासतो, आणि काही वर्षांनी आवरण झिजून आतलं तांबं दिसायला लागतं. तांबं उघडं पडलं तर ठिणगी, आणि शेजारी इंधन. आम्ही पालथं पडून, मान वाकडी करून, एकेक क्लॅम्प सोडवायचो. बऱ्याच ठिकाणी तार अगदी धडधाकट निघायची. तरी स्लीव्ह चढवायचीच, क्लॅम्प बदलायचाच, सही करायचीच. मला सुरुवातीला याचा राग यायचा. मग एकदा बोटाखाली खरबरीत लागलं, टॉर्च जवळ नेली तर केसाएवढी तांब्याची रेघ चमकली. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

या कामाचा एक नियम मला आवडतो. तारेला हात लावण्याआधी कॉकपिटमध्ये जाऊन त्या लाईनचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारं बटण, ओढायचा, त्याला कडी अडकवायची आणि लाल पट्टी टांगायची. पट्टीवर आपलं नाव. ज्यानं टांगली त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा शिफ्ट संपवून मी बसस्टॉपवर पोचले आणि माझी पट्टी तशीच राहिलेली. आमच्या साहेबांना ती दोन पावलांवर होती. त्यांनी काढली नाही. मला फोन करून परत बोलावलं आणि माझ्याच हातानं काढायला लावली. "तुम्ही आत नाही हे मला कसं कळणार?" एवढंच म्हणाले. वाटेत मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या परत घेतल्या.

ते काम संपल्यावर मला चार दिवसांची रजा मिळाली. नागपूरहून रात्री निघून सकाळी वसमतमार्गे आले आणि पिशवी आखाड्यावर टाकून सरळ विहिरीकडे निघाले. नऊ वाजले असतील. शेतीची लाईन आमच्याकडे पाळीनं येते, आणि त्या आठवड्यात ती सकाळी दहाला यायची होती. विहिरीच्या काठावर पत्र्याच्या आडोशाला स्टार्टरची पेटी आहे. तिच्याजवळ पोत्यावर आई बसली होती.

आईला तिथं पाहून मला काही नवल वाटलं नाही. आबा विहिरीत उतरले की आईनं पेटीजवळ बसायचं, ही आमच्याकडची रीत आहे. आमच्याच काय, शिवारात सगळ्यांचीच. खाली माणूस असताना वर कुणी भलत्यानं येऊन मोटार चालू करू नये म्हणून घरचं माणूस राखणीला बसतं. मी पाळण्यात असल्यापासून आई बसत आलेली. तिच्या मांडीवर बसून मी शेंगा फोडल्यात, पाढे म्हटलेत.

आबा खाली छातीएवढ्या पाण्यात उभे राहून मोटारीच्या केबलचा जोड नव्यानं बांधत होते. मी वाकून हाक मारली, ते हसले. मग सहज, हात शिवशिवतात म्हणून, मी पेटीचं दार उघडलं. आत स्टार्टरशेजारी एक नवी डबी बसवलेली होती. ऑटो. लाईन आली की ही डबी मोटार आपोआप चालू करते, माणसानं यायची गरज नाही. तिचं बटण चालूवर होतं.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी बटण पाडलं, वायर उपटली आणि ओरडत सुटले. आबा गडबडीनं वर आले, अंगातून पाणी गळतंय.

"काय झालं? साप निघाला का?"

"ऑटो चालू ठेवून खाली उतरता? लाईन आली असती म्हंजे?"

"लाईन दहाला येती. आन तुझी माय बसलीय की इथं!"

"मोटार आता तिला विचारून चालू होणार हाय का? ती बसून काय करंल?"

आबांनी आईकडे पाहिलं. आईनं पेटीकडे पाहिलं. डबी बसवल्याला चार महिने झाले होते. त्या दिवसापासून आईच्या राखणीला काही अर्थ उरला नव्हता, आणि हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. जुनी रीत होती तशी चालू होती, म्हणून दोघंही निर्धास्त होते. चार महिन्यांत आबा कितीदा उतरले असतील, याचा विचार माझ्यानं करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहते तर वायर परत जोडलेली, ऑटो चालू! मी आहेच भांडखोर. केळीत पाणी धरत असलेल्या आबांना मी बांधावरून नाही नाही ते बोलले. जगातली विमानं मी सांभाळते आणि माझा बाप माझं ऐकत नाही, असंही म्हणाले. आबांनी फावडं खाली ठेवलं.

"झालं बोलून? आता माझं ऐक. लाईन आली की टिकती का? दहा डाव जाती, दहा डाव येती. मी इकडं पाण्यात. मंग दर डावाला मोटार चालू कराया कोण जातं? तुझी माय. आखाड्यापासून विहीर तीन बांध. तिचे गुडघे पाह्यलेस का तू? परवाच्या दिवाळीत तू आलीस तवा ती पाय ओढत चालत व्हती, तुला दिसलं न्हाई. मला दिसत व्हतं. म्हणून बसवलं ऑटो."

दिवाळीत मी आले होते, चकल्या खाल्ल्या होत्या, हँगरच्या गमती सांगितल्या होत्या. आईचे गुडघे मला खरंच दिसले नव्हते. तार कुठं झिजलीय हे बोटांनी ओळखणारी मी, याची मला फार लाज वाटली.

"बराबर हाय तुमचं," मी म्हटलं. "ऑटो ऱ्हाऊ द्या."

बांधावरच बसून मी विचार केला. आमच्या कागदात तरी कुठं लिहिलेलं असतं, की विमान कायमचं बंद करा? त्यात लिहिलेलं असतं, की एवढं बदला आणि मग खुशाल उडा. मी वसमतला गेले आणि एक मेन स्विच आणला, खाली ओढून बंद केला की त्याच्या कडीत कुलूप घालता येतं असा. हट्ट्याहून ओळखीचा वायरमन बोलावला. त्यानं डीपीवरून, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, लाईन बंद केली आणि खांबावरून येणारी वायर पेटीत जाण्याआधी त्या स्विचमधून फिरवून घेतली. लाईन आल्याचं लांबून दिसावं म्हणून आबांनी पत्र्याला एक बल्ब टांगलेला होता, तो स्विचच्या अलीकडे तसाच राहिला, म्हणजे स्विच बंद असला तरी लाईन आली की तो लागणार.

कुलपाबरोबर तीन किल्ल्या आल्या. दोन मी माझ्या पर्समध्ये टाकल्या.

"आन एखादी हरपली तर?" आबा म्हणाले.

"तर नागपूरला फोन करा, मी घेऊन येते. पर दुसरी किल्ली इथं ऱ्हाणार न्हाई. उतरायच्या आधी तुमीच कुलूप लावायचं, किल्ली तुमच्याच अंगावर. वर आल्यावर तुमीच काढायचं."

आबांनी सदरा वर केला आणि किल्ली करदोट्याला बांधली. पोटावर गार लागली तशी अंग चोरून हसले. आईनं मात्र तोंड फिरवलं.

"मंग माझं काय काम ऱ्हायलं इथं?"

"काहीच न्हाई, आई. सावलीत बस, आराम कर."

तिसऱ्या दिवशी सकाळी केबलचा घाईत कच्चा बांधलेला जोड सोडून पक्का करायचा होता. आबांनी स्विच ओढला, कुलूप घातलं, मला दाखवायला दोनदा हिसडून पाहिलं आणि उतरले. आई पाय ओढत आली आणि पोत्यावर बसली.

"तुला सांगितलं ना, आता गरज न्हाई," मी म्हटलं. "कुलूप हाय."

"हाय ना कुलूप. हाक मारली तर कुलूप ओ देतं का?"

एवढ्यात खालून आवाज आला, "हाय का गं?"

"हाय," आई म्हणाली.

काम काहीच नव्हतं. पक्कड मागितली नाही, दोर मागितला नाही. जरा वेळानं पुन्हा, "हाय का?" आणि आई, "हाय." लहानपणी मी हे शेकडो वेळा ऐकलं असेल. मला वाटायचं, आबा मोटारीची खात्री करून घेतात. त्या दिवशी शेजारी बसून ऐकताना कळलं, की या दोघांचं आयुष्यभराचं बोलणं हेच आहे. घरात ते एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. आईला गरज नाही म्हणाल्याचं मला वाईट वाटलं.

दहाला अजून बराच वेळ होता. मी मोबाईलमध्ये पाहिलंसुद्धा. आणि पत्र्याला टांगलेला बल्ब लागला.

लाईन आली होती. पाळीच्या आधी, काही न कळवता, नेहमी येते तशी. ऑटो पेटीत होती, चालू होती. खाली आबा पाण्यात उभे होते आणि केबलचा उघडा जोड त्यांच्या हातात होता. पेटीतून आवाज आला नाही. पाइप हलला नाही. बल्ब नुसता जळत राहिला आणि त्याच्याखाली कुलूप लोंबत होतं.

आईनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. ती बल्बाकडे बघत होती, मग विहिरीच्या तोंडाकडे, मग परत बल्बाकडे.

"हाय का गं?" खालून हाक आली.

आईचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"अगं, हाय का?" या वेळी आवाज जरा घाबरा होता.

मी ओ देऊ शकले असते. दिली नाही, ती हाक माझ्यासाठी नव्हती. आईला ते जमलंच नाही. तिनं पदर तोंडाशी धरला आणि ती हुंदके द्यायला लागली, मोठ्यानं, लहान लेकरासारखी. पायऱ्यांवर आबांच्या पायांचे ओले आवाज आले, दोन दोन पायऱ्या एकदम. या वयात! ते वर आले, आईला पाहिलं, मग जळता बल्ब पाहिला. त्यांचा हात आपोआप कमरेशी गेला. किल्ली तिथं होती.

मग आबा तसेच ओल्या अंगानं पोत्यावर आईला खेटून बसले. माझ्यासमोर ते असे कधी बसले नव्हते. आईनं त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि पदरानं पुसायला लागली, एकेक बोट वेगळं करून. पुसून झालं तरी तिनं हात सोडला नाही.

"रडू नको," आबा म्हणाले. "हाय मी."