दोन दिवस आधी

ईट गावची काळीभोर जमीन भावाच्या हवाली करून तुम्ही धाराशिवात का राहिलात, असं मला अजून लोक विचारतात. मी सांगतो की तारखेचा हिशेब चुकला म्हणून. लोकांना ती थट्टा वाटते. पण ती खरी गोष्ट आहे, आणि जशी घडली तशी लिहून ठेवतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. धाराशिवात कॉलेज नव्हतं, त्यासाठी औरंगाबाद नाही तर हैदराबाद गाठावं लागे. पण मुलांची मॅट्रिकपर्यंतची शाळा होती, तिला फौकानिया म्हणत. मुलींची सातवीपर्यंतची होती, ती वस्तानिया. साऱ्या जिल्ह्याची पोरं शिकायला तिथं येत. आमच्या ईटला चौथीपर्यंतच शाळा. माझी मुलगी चौथी झाली तेव्हा अकरा वर्षांची होती. तोंडी हिशेबात ती मला मागं टाकायची, आणि मी काही हिशेबात कच्चा नव्हतो.

घरात थोरल्या भावाचा शब्द चाले. त्याच्या मनात तिच्यासाठी भूम तालुक्यातलंच एक स्थळ होतं, आणि त्या लोकांना आखाडाच्या आत हो-नाही कळवायचं होतं. मी शाळेचं काढलं तेव्हा तो जेवत होता. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "शाळेनं घेतली तर पोरगी तुझी. न्हाय घेतली तर सोयरीक माझी. मग मधी बोलायचं न्हाय." मी कबूल केलं. मुलगी दाराआड उभी होती. तिनंही ऐकलं.

शाळेत घेण्याआधी मुलींना उर्दूतला एक उतारा वाचायला देत आणि एक गणित घालत. कारण पुढचं सगळं शिक्षण उर्दूतून होतं. गणिताची चिंता नव्हती. उर्दू मात्र तिला जेमतेम अक्षरं जोडण्यापुरतीच येत होती.

परीक्षेचा दिवस तहसीलच्या शिपायानं भूमच्या बाजारात सांगितला होता, आणि तो अर्थात फसली महिन्यांत. सरकारचे महिने फसली, घरातल्या तिथ्या मराठी, आणि बार्शीकडचे व्यापारी बोलायचे ते इंग्रजी महिने. एकाच दिवसाला तीन नावं. पटवाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं बसल्या जागी सांगितलं असतं. पण हिशेब आपल्याला येतो, ही माझी घमेंड. खुर्दाद आणि तीर हे मधले दोन महिने मी तीस-तीस दिवसांचे धरले, त्रेसष्ट दिवस काढले, आणि गोठ्याच्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढत गेलो. साठ रेघा झाल्यावर गाडी जुंपली. निघताना बायकोनं गाठोड्यात मुलीची पाटी स्वतःच्या हातानं घातली.

वाटेत दोन मुक्काम झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेपुढं उभे राहिलो, तर फाटकाला कुलूप.

समोरच्या ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ दातण करत बसले होते. फौकानियात तीस वर्षं उर्दू शिकवून निवृत्त झालेले मौलवीसाहेब ते, हे नंतर कळलं. त्यांनी आमच्याकडं, गाडीकडं आणि गाठोड्याकडं पाहिलं.

"खुर्दाद किती दिवसांचा धरला?" त्यांनी विचारलं.

"तीस."

"आणि तीर?"

"तीस."

"दोन्ही एकतीसचे आहेत, भाई. इम्तिहान परवा." मग चूळ भरून म्हणाले, "शरमू नका. दर साली कोणीतरी चुकतं. मागच्या साली एक जण पाच दिवस उशिरा आला, तो या पायरीवर बसून रडला. तुम्ही तरी लवकर चुकलात."

दोन दिवसांत ईटला जाऊन परत येणं शक्य नव्हतं. मी धर्मशाळा कुठं आहे ते विचारलं. ते म्हणाले, "ओसरी रिकामीच आहे. बैल लिंबाखाली बांधा." मी अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून भाकरी करायच्या तयारीला लागलो, तर शेजारच्या लिंगायत दुकानदाराच्या घरून झाकलेली थाळी आली. ती घेऊन आलेल्या घरच्या बाई म्हणाल्या, "बाप्याच्या हातची भाकर खाऊन पोरगी परीक्षा देणार व्हय?"

त्या दोन दिवसांत मी ते गाव पाहिलं. त्याआधी धाराशिव म्हणजे माझ्या लेखी कचेरी आणि तिथली खेप. आता काम काहीच नव्हतं, म्हणून मोजत हिंडलो. मौलवीसाहेबांच्या गल्लीत अकरा घरं, त्यांतल्या सात घरांत बाहेरगावची पोरं शिकायला राहिलेली. सकाळी सातही ओसऱ्यांवर मोठ्यानं वाचन चाले, कुणी फारशी, कुणी भूगोल, कुणी भूमिती. मधून जाणारा दूधवाला एका पोराला म्हणाला, "काल हितंच अडकला हुतास, आजबी हितंच?" शाळेपासून कचेरी नऊशे पावलं. तेवढ्यात मला भेटलेल्या माणसांपैकी चौघांनी विचारलं की पोरगी कितवीत आहे. कुणाची कोण, कुठल्या गावची, हे नंतर. आमच्याकडं ते आधी विचारतात.

न्हाव्याकडं दाढीला बसलो तर त्यानं वस्तरा लावता लावता मुलीला सतराचा पाढा विचारला. तिनं घडाघडा म्हटला. तो म्हणाला, "एकोणीसचा?" तिनं तोही म्हटला. तो वस्तरा थांबवून म्हणाला, "पाहुणं, मला एवढाच येतो. आता तुमची दाढी नीट करतो."

उर्दूचं काम मौलवीसाहेबांनी हाती घेतलं. पुस्तक काढलंच नाही. तिला घेऊन ते बाजारात निघाले आणि दुकानांवरच्या उर्दू पाट्या वाचायला लावल्या. मी मागून चालत होतो. पहिल्या दिवशी चाळीस पाट्या झाल्या. त्यांपैकी सव्वीस तिनं आपण होऊन वाचल्या, चौदा त्यांनी सांगितल्या. एका शिंप्याच्या पाटीवर ती फार वेळ अडली, तेव्हा शिंपी आतूनच ओरडला, "सांगू नका मौलवीसाब, येईल तिला." तिला आलं.

दुपारी त्यांनी फुटाणे घेतले. फुटाण्यांची पुडी म्हणजे कुणाच्या तरी जुन्या उत्तरपत्रिकेचं पान. त्या गावात वाण्याकडं अशी पानं गठ्ठ्यानं असायची. फुटाणे संपल्यावर त्यांनी पान तिच्यापुढं धरलं. ती बोट ठेवून हळूहळू वाचत गेली. खाली एक गणित होतं आणि त्यावर मास्तरांची लाल फुली. तिनं ते जमिनीवर काडीनं करून पाहिलं आणि म्हणाली, "आबा, ह्याचं बरोबर हाय की. फुली कशापायी?" मी करून पाहिलं, बरोबर होतं. मौलवीसाहेबांनी पान उलटंपालटं केलं, मास्तरांच्या शेऱ्याचं अक्षर ओळखलं आणि म्हणाले, "हा तपासणारा मुदर्रिस माझाच शागीर्द. बेटी, हे कोणाला सांगू नको, मीच त्याला सांगतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी वाण्याकडून आणखी सहा पानं मागून आणली.

परीक्षेच्या दिवशी एकोणीस मुली आल्या होत्या. उस्तानीबाईंनी, म्हणजे तिथल्या शिक्षिकेनं, एकेकीला आत बोलावलं. पालकांना दाराशी उभं राहायची मुभा होती. माझ्या मुलीला आठ ओळींचा उतारा मिळाला. पाचव्या ओळीत ती अडखळली, मागं गेली, शब्द पुन्हा जोडला आणि पुढं निघाली. गणित बाईंचं सांगून संपायच्या आत झालं होतं. बाई कारकुनाला म्हणाल्या, "नाव लिहा."

कारकुनानं नाव लिहिलं आणि मला विचारलं, "राहणार?"

"ईट."

त्यानं लेखणी थांबवली. मुलींना बोर्डिंग नव्हतं, आणि गावात पालकाचं घर नसेल तर मुलीला घ्यायचं नाही, असा शाळेचा नियम होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कारकून भला होता. हळूच म्हणाला, "इथल्या कुणाचंही घर सांगा. सगळेच सांगतात."

"राहत नाही तिथं राहतो म्हणून कसं लिहू?" मी म्हणालो.

कारकून उस्तानीबाईंकडं पाहू लागला. बाई म्हणाल्या, "मग माझा इलाज नाही." मुलगी माझ्याकडं पाहत नव्हती, फरशीकडं पाहत होती. तिला चुलत्याचे शब्द माझ्यापेक्षा जास्त पाठ होते.

मौलवीसाहेब माझ्यामागंच उभे होते. म्हणाले, "दोन रात्री कुठं झोपलात?"

"तुमच्या ओसरीवर."

"मग राहणार कुठले? झूट काय त्यात?"

"पण मी उद्या परत जाणार."

"ते तुमचं तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "ओसरीच्या मागं एक खोली आहे. तिला कुलूपसुद्धा नाही."

दारात किती वेळ उभा होतो, ते मी मोजलं नाही. कागदावर लिहिलेलं खोटं ठरू द्यायचं नाही, एवढं एकच मला आयुष्यात नीट येत होतं. खोटं लिहायचं नसेल तर लिहिलेलं खरं करायला हवं. मी कारकुनाला मौलवीसाहेबांची गल्ली सांगितली आणि त्यानं ती लिहिली. मुलीनं तेव्हा वर पाहिलं.

तिला शेजारच्या बाईंकडं ठेवून मी एकटाच ईटला गेलो. भाऊ खळ्यावर होता. मी सगळं सांगितलं. शाळेनं घेतली, पण तिथं राहावं लागेल, मी बायकोला घेऊन जातो, अडतीवर लिहिण्याचं काम मिळेलसं दिसतं, सुगीला येत जाईन.

"एका पोरीपायी घर हलवतूस?" तो म्हणाला.

"कागदावर लिवून आलोय."

"वळखीचं हाय का तिथं कुणी?"

"आठ दिसांमागं न्हवतं. आता हाय."

तो उठून धान्याच्या पेवाकडं गेला आणि तिथूनच म्हणाला, "दोघं तुमी, अन् ती पोरगी. तीन पोती जवारी पुरंल का?"

"पुरंल."

"तुझा हिशेब नगं. चार घालतो."

आज ह्याला बरीच वर्षं झाली. मुलगी सातवी झाली, तिनं पुढचं शिक्षण घरी बसून मौलवीसाहेबांकडं केलं, आणि आता ती त्याच गल्लीतल्या लहान मुलींना शिकवते. निजामाचं राज्य गेलं, शाळेतली भाषा बदलली, पाट्याही बदलल्या. ह्या गावानं मला जे दिलं त्याचं माप माझ्याकडं नाही, आणि माप नसलेली माझ्याकडं ही एकच गोष्ट आहे.

आम्ही ईट सोडलं त्या दिवशी भावानं चारही पोती स्वतः गाडीत रचली. माझी बायको गाडीत चढायला लागली, तर तो तिला म्हणाला, "पुढं बसा, मागं लई हादरतं." आणि कासरा माझ्या हातातून घेऊन तो स्वतःच गाडी हाकायला बसला.