तुम्ही आहात म्हणून चाललंय

"काय, कसं चाललंय?" असं कुणी विचारलं तर साधी माणसं "बरं आहे" म्हणून पुढे जातात. बाजारगल्लीतल्या सलूनवाल्याला ते जन्मात जमलं नाही. हा प्रश्न कानावर पडला की त्याची कात्री हवेत थांबायची, चेहरा उतरायचा आणि तो गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून म्हणायचा, "कसलं चालतंय हो! तुम्ही आहात म्हणून चाललंय. नाहीतर कधीच शटर ओढलं असतं."

गल्लीने त्याचं नाव रडतराऊत ठेवलं होतं. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण वस्तरा त्याच्या हातात असायचा.

या रडगाण्याला कारण होतं. त्याच्या वडिलांचंही सलूनच होतं. त्यांनी एकदा चारचौघांत छाती फुगवून सांगितलं, "धंदा जोरात आहे!" आणि महिना उलटायच्या आत बरोबर समोर दुसरं सलून उघडलं. तेव्हापासून या घरात 'जोरात' हा शब्द वर्ज्य. शिवाय दुकानाची जागा भाड्याची. घरमालक दर पंधरा दिवसांनी दाढीला यायचा, खुर्चीत मान मागे टाकायचा आणि डोळे मिटून विचारायचा, "काय म्हणतोय धंदा?" त्या प्रश्नामागे वाढीव भाडं दबा धरून बसलेलं असायचं. मग कोण शहाणा खरं सांगेल?

खरं म्हणजे खुर्ची दिवसभर थंड व्हायची नाही. पण दुकान एवढं चिंचोळं की वाट बघणाऱ्याला बसायला बाक नव्हता, म्हणून त्याने प्रत्येकाला आपापली वेळ ठरवून दिली होती. सगळं तोंडी, सगळं डोक्यात. किराणावाला सकाळी दुकान उघडायच्या आधी, गणिताचे निवृत्त सर दुपारी जेवण झाल्यावर, चष्मेवाला संध्याकाळी. एक मागच्या गल्लीने निघून गेला की दुसरा पुढून यायचा. आत येणाऱ्याला दिसायचं काय? रिकामं दुकान, झाडून स्वच्छ केलेली फरशी आणि आरशासमोर उभा असलेला एकटा दीनवाणा माणूस. कीव यायचीच. सर तर दर खेपेला वरचे चार पैसे ठेवून जायचे.

बायको सगळं जाणून होती. "अहो, असं सारखं रडू नये," ती म्हणायची. "वास्तू तथास्तु म्हणते."

वास्तूने म्हटलं की नाही कोण जाणे, पण एका मोटारीने म्हटलं. सलूनवाला नोट मोडून घ्यायला पलीकडे निघाला होता. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी मागे न बघता मागे आली आणि तिने त्याला अशी काही ढुशी दिली की तो उजव्या हातावर आपटला. गाडीवाला धावत आला. "फार लागलं का हो?" जन्मभर न दुखणाऱ्या गोष्टींवर रडलेला हा माणूस, मनगटाचे तुकडे झालेले असताना म्हणतो कसा, "नाही नाही, काही नाही. तुम्ही जा."

सुदैवाने भाजीवालीने गाडीचा नंबर बघून ठेवला होता.

मनगटात स्टीलची पट्टी बसवली, स्क्रू ठोकले, वर प्लास्टर चढलं. डॉक्टर म्हणाले, कात्रीचं नाव काढायचं नाही, निदान उन्हाळा संपेपर्यंत. दवाखान्याचं बिल भरायला त्याने मेव्हण्याकडून उसने पैसे घेतले. ज्या मेव्हण्याला "माझ्याकडेच नाहीत रे" म्हणून वर्षानुवर्षं वाटेला लावलं होतं, त्याच्यापुढेच हात पसरायची वेळ आली, आणि तोही डावा. भाडं तुंबलं. घरमालकाने निरोप पाठवला की जागा चालवता येत नसेल तर सोडा, घेणारे पुष्कळ आहेत.

मग नुकसानभरपाईचा दावा लागला. वकीलबाई तरुण होत्या, चटपटीत होत्या. औषधपाण्याच्या पावत्या बायकोने जपून ठेवल्या होत्या, त्यावर गाडीच्या विम्याच्या कंपनीने फार खळखळ केली नाही. घोडं अडलं बुडालेल्या कमाईवर.

"महिन्याला किती मिळत होते?" वकीलबाईंनी विचारलं.

"कसलं मिळतंय! तुम्ही आहात म्हणून..." सवयीने त्याच्या तोंडून निघालंच.

"अहो, मी तुमची वकील आहे!"

हिशेब लिहिलेला नाही, पावती कधी फाडली नाही. "मग साक्षीदार आणा," वकीलबाई म्हणाल्या. "तुमची गिऱ्हाइकंच येऊन सांगू देत." सलूनवाल्याला रात्रभर झोप नाही. धंदा चांगला होता हे सिद्ध झालं तर घरमालक भाडं वाढवणार. सिद्ध नाही झालं तर चिल्लर हातावर पडणार, उसने फिटणार नाहीत आणि दुकानच जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

तारखेच्या दिवशी गल्लीतले झाडून सगळे आले. सगळ्यांचे केस वाढलेले, कानांवर आलेले. कुणी घरच्या घरी कात्री चालवून डोक्याची दशा करून घेतलेली. घरमालकही आला आणि मागच्या बाकावर पाय पसरून बसला. साक्षीदारांना बाहेर व्हरांड्यात थांबवलं होतं.

पहिला किराणावाला. वकीलबाईंनी आशेने विचारलं, "यांच्याकडे गिऱ्हाईक भरपूर असायचं ना?"

"गिऱ्हाईक?" किराणावाल्याने कपाळाला हात लावला. "खोटं कशाला बोलू? मी सोडून कुत्रं फिरकत नव्हतं तिथं. गरीब माणूस हो. मी जायचो म्हणून कसंबसं चालायचं."

वकीलबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. विम्याचे वकील मात्र खुशीत आले. "मला काही विचारायचं नाही," ते म्हणाले आणि खुर्चीत रेलून बसले.

दुसरे सर. शपथ घेऊन त्यांनी ठणकावून सांगितलं की दुकान कायम ओस, आपण एकटेच काय ते नियमाने जात होतो. "शिवाय दर वेळी थोडे वरचे पैसे देत होतो. माणुसकी म्हणून." चष्मेवाल्याने तर डोळे पुसले. "त्यांची चूल माझ्या दाढीवर पेटत होती, साहेब."

सलूनवाला मान खाली घालून बसला होता. माणसं आपल्यासाठी कामधंदा टाकून आली आहेत, आपल्याबद्दल जीव तोडून बोलताहेत आणि एकेक शब्दागणिक आपल्याला खड्ड्यात घालताहेत. दोष कुणाला द्यायचा? शब्द त्याचेच होते. तीस वर्षं त्यानेच ते एकेकाच्या कानात भरले होते.

तेवढ्यात विम्याच्या वकिलांना मोह आवरला नाही. "साहेब, बाहेरचे सगळेच साक्षीदार तपासावेत अशी माझी विनंती आहे," ते म्हणाले. अति तिथे माती म्हणतात ते असं.

न्यायाधीश सावकाश बोलणारे होते. मघापासून ते साक्षीदारांची बोलणी ऐकत होते, तितकेच त्यांच्या डोक्यांकडेही बघत होते. त्यांनी दार उघडायला लावलं. व्हरांडा झिपऱ्या माणसांनी गच्च भरलेला.

"यांच्या दुकानात फक्त आपण एकटेच जात होतो, असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी हात वर करा," न्यायाधीश म्हणाले.

झाडून सगळे हात वर गेले. मग सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे बघितलं.

"तुम्ही पण?" सर किराणावाल्याला म्हणाले.

"तुम्ही कशाला जात होता? चूल तर माझ्यामुळं पेटत होती!" किराणावाला उसळला.

"तुमच्यामुळं? मला सांगायचा, 'सर, तुम्ही आहात म्हणून दोन घास मिळतात!'"

"अहो, हेच मला सांगायचा, अगदी ह्याच शब्दांत!" चष्मेवाला ओरडला. भर कोर्टात चुलीवरून जुंपली. शिपायाने दोनदा "शांतता" म्हटलं, पण तोही डोक्यावरून हात फिरवत हसत होता. विम्याचे वकील उठून काही बोलणार, तोच न्यायाधीश म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांना तपासा? आणि ते वरचे पैसेही कमाईतच धरावे लागतील."

मग ते सलूनवाल्याकडे वळले. "आता तुम्ही सांगा. धंदा कसा होता?"

सलूनवाला उठला. समोर न्यायाधीश, दारात चिडलेली गल्ली, मागच्या बाकावर कान टवकारलेला घरमालक. "कसलं..." एवढंच निघालं.

"अहो," बायको जागेवरूनच म्हणाली, "ही माणसं केस वाढवून बसली, पण दुसऱ्याच्या खुर्चीत बसली नाहीत. आता तरी बोला की एकदाचं!"

त्याने दाराकडे बघितलं. सरांच्या कानांवर आलेले पांढरे केस बघून त्याला भरून आलं.

"जोरात होता, साहेब," तो म्हणाला. "फार जोरात होता." आणि गल्लीसमोर पहिल्यांदाच तो खरोखरचं रडला.

पैसे मंजूर झाले. मेव्हण्याचे फिटले, तुंबलेलं भाडं फिटलं. उरलेल्यातून त्याने आतली भिंत जरा कोरून तिथे एक बाक बसवला. तोंडी वेळा संपल्या. ज्याला यायचं त्याने यावं, बसावं, थांबावं. रागावलेली मंडळी आठवडाभर फिरकली नाहीत. मग एकेक करून सगळी आली, कारण राग किती दिवस धरायचा आणि केस किती दिवस वाढवायचे. सरांनी वरचे पैसे द्यायचं तेवढं बंद केलं.

बाक गच्च भरलेला असताना एक दिवस घरमालक आला. खुर्चीत बसला, मान मागे टाकली, डोळे मिटले. गळ्याला फेस लागल्यावर त्याने विचारलं, "काय म्हणतोय धंदा?"

सलूनवाल्याचा वस्तरा हवेत थांबला. त्याने आरशातून बाकाकडे बघितलं. सर होते, किराणावाला होता, चष्मेवाला होता.

"जोरात चाललाय," तो म्हणाला. "हे सगळे आहेत म्हणून चाललाय."

"अस्सं," घरमालक म्हणाला. "मग भाड्याचं जरा..."

"बोलू नका," सलूनवाल्याने वस्तरा गळ्याला टेकवला. "लागेल."