जुन्या गावठाणातली जिरा बिस्किटं

दादानं बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं आणि म्हणाला, "पुठ्ठा चावल्यासारखं लागतंय." बिस्किटाचा दोष नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझ्या थोरल्या भावाला वास येईनासा झाला, तो परत आलाच नाही. दूध करपलं तरी त्याला कळत नाही, गॅस चालू राहिला तरी नाही. वहिनी त्याला स्वयंपाकघरात एकटं सोडत नाही. त्या दिवशी तोच म्हणाला, "गावाकडच्या रसूलचाचाच्या भट्टीतलं मिळालं, तर येईल बघ वास." आम्ही दोघं हसलो, आणि पुढच्याच शनिवारी पहाटे पीठ, साखर, डालडा आणि जिरं गाडीत टाकून पुण्याहून निघालो.

आमचं गाव लोहारा तालुक्यात. वडील तिथं शिक्षक होते. घरातून पीठ, साखर, डालडा आणि जिरं डब्यात भरून भट्टीवर द्यायचं आणि दुपारी गरम बिस्किटं घेऊन यायचं, अशी तेव्हाची पद्धत. चौकोनी, कडेनं कातरलेली बिस्किटं. चहात बुडवली तरी मोडायची नाहीत. वडिलांची बदली झाली म्हणून आम्ही एका उन्हाळ्यात पुण्याला आलो, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता भूकंप झाला. गाव आडवं झालं. उरलेल्यांना थोड्या अंतरावर नवं गाव बांधून मिळालं. आम्ही दोघं त्यानंतर कधीच गेलो नव्हतो.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सोलापूरपर्यंत रस्ता छान आहे. पुढं हैदराबादच्या दिशेनं नळदुर्ग, मग जळकोट, आणि तिथून पुढं हायवे सोडून डावीकडं. गाडी नसेल तर उमरग्यापर्यंत एसटी आणि पुढं वडापची जीप मिळते. नळदुर्गजवळ एका ढाब्यावर ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगांची चटणी खाल्ली. दोघांचं पोटभर जेवण अडीचशे रुपयांत झालं. दादानं चटणी नुसती तिखट लागते म्हणून बाजूला सारली.

लोहाऱ्यात चहा घेतला. टपरीवाल्यानं विचारलं, "नव्या गावात जायचंय का जुन्या?"

"आधी जुन्या," दादा म्हणाला.

"तिथं कोण न्हाय आता. बाभळी हायत निस्त्या."

खरंच बाभळी होत्या. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, आणि मधेच दगडमातीच्या उंचवट्यांचा मोठा पट्टा. कुठं नुसता उंबरठा, कुठं चार पायऱ्या चढून जाव्यात आणि वर काहीच नसावं. एका उभ्या राहिलेल्या भिंतीत दिवा ठेवायची दिवळी होती, तिच्यात काजळी तशीच. वारा पडला होता. मी दादाला हाक मारली, तर माझाच आवाज मला कापसात गुंडाळल्यासारखा ऐकू आला.

तो पुढं चालत होता. जमीन मोकळी होती, तरी सरळ जात नव्हता. डावीकडं वळला, थोडं गेला, मग उजवीकडं. मग माझ्या ध्यानात आलं. तो नसलेल्या घरांना वळसे घालून नसलेल्या बोळातून चालला होता.

एकाएकी तो थांबला. मान वर करून त्यानं श्वास घेतला.

"भाजतायत," तो म्हणाला.

"काय?"

"बिस्किटं. जिरं पडलंय त्यात. तुला येत नाही?"

मला वाळल्या गवताचा वास येत होता, बाकी काही नाही. दादाचे डोळे भरले होते. तो त्या वासामागं गेला आणि एका विटांच्या ढिगापाशी उभा राहिला. भट्टीची अर्धी कमान मातीतून वर आली होती. मी तिला हात लावला. दिवसभर ऊन खाऊनही विटा गार होत्या.

"इथं एकदम जास्त येतोय," दादा म्हणाला. मला तिथं एक क्षणही थांबायचं नव्हतं.

नव्या गावात सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारखी घरं. रसूलचाचांचं घर लगेच सापडलं. सुनेनं, शमीमनं, खुर्च्या मांडल्या. चाचा फार थकलेत, पण दादानं वडिलांचं नाव सांगताच म्हणाले, "गुरुजींची लेकरं व्हय! लई वर्षांनी आलाव."

चहा आला, सोबत दुकानातला बिस्किटपुडा. शमीम हळूच म्हणाली, "अब्बांनी भूकंपानंतर भट्टी कधी लावलीच न्हाय." आणलेलं पीठ-डालडा गाडीतच ठेवायला हवं होतं, असं मला वाटलं.

पण दादा बोलून गेला. "चाचा, आम्ही जुन्या गावात जाऊन आलो. भट्टीपाशी मला बिस्किटांचा वास आला."

शमीमच्या हातातला ट्रे तसाच राहिला. चाचा खुर्चीत पुढं सरकले.

"करपल्याला का ताजा?"

"ताजा."

मग त्यांनी सांगितलं. त्या पहाटे बिस्किटांचे पत्रे भट्टीत सरकवून ते लाकडं आणायला अंगणात आले होते, म्हणून वाचले. चाची आत पीठ मळत होती. वर सगळं कोसळलं, आणि ढिगाऱ्याखाली भट्टी धुमसत राहिली. "माणसं काढायला लोकं खांदायची, आन् खालनं बिस्किटं करपल्याचा वास यायचा. लई दिवस. त्यो माझ्या नाकातनं गेलाच न्हाय, बेटा. जेवताना हाय, निजताना हाय."

आम्ही ज्याच्या आठवणीनं इतकी वर्षं हळवे व्हायचो, तो वास या माणसाच्या नाकात असा अडकून बसला होता.

"मला घिऊन चला," ते म्हणाले.

ऊन कलायला आलं होतं. दोघांनी धरून त्यांना विटांपाशी नेलं. चाचांनी डोळे मिटले.

"आता येतोय?"

"येतोय," दादा म्हणाला.

"ताजाच?"

"ताजाच. जिरं चांगलं पडलंय."

"मळायची तीच," चाचा म्हणाले. "मी निस्ता भाजायचो." मग कमानीकडं तोंड करून ते दखनी उर्दूत हळू आवाजात काहीतरी बोलले. मी ते ऐकू नये म्हणून चार पावलं मागं सरले. त्यांचं बोलणं मधेमधे थांबत होतं, समोरच्याचं ऐकून घ्यायला थांबावं तसं.

मुक्काम तुळजापूरला केला, बाराशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. वाटेत मी दादाला विचारलं, "दुसऱ्यांदाही तितकाच येत होता का रे?"

त्यानं काच खाली केली. "दुसऱ्यांदा काहीच आलं नाही."

"आणि पहिल्यांदा?"

"पहिल्यांदा आला," तो म्हणाला. "तुझी शपथ."

घरी येऊन आता महिना होतोय. दादाला अजून कसलाच वास येत नाही. त्या खोट्याचा त्याला त्रास होत होता. चाचांना फोन करून खरं सांगतो म्हणायचा, आणि मी अडवायचे. परवा शेवटी त्यानं फोन लावला, तो शमीमनं उचलला. चाचा घरात नव्हते. रोज दुपारच्या चहानंतर कुणालातरी घेऊन जुन्या गावात जातात म्हणाली.

दादानं घाबरतच विचारलं, "त्यांना येतो का तिथं वास?"

"न्हाय," शमीम म्हणाली. "पण करपल्याला बी येत न्हाय आता, म्हणत्यात. रातच्याला गाढ झोपत्यात."