पाचशे बारा नंबरची फाइल

पॉलिनबद्दल आमच्या वालीवच्या कारखान्यात दोन मतं होती. एक, ती फार हुशार. दुसरं, ती फार शिष्ट. मी तिथे एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं, तेव्हा माझं तिसरं मत ऐका. ती धाडसी होती. कौतुक करायची मला सवय नाही, हवं तर माझ्या बायकोला विचारा.

आम्ही लोखंडी ब्रॅकेट बनवायचो. पॉलिन भुईगावची, बारावी होऊन ड्रॉइंग सेक्शनला लागली. शेजारच्या टेबलावर व्हिन्सेंट. तोही भुईगावचाच, वयाने तिच्या बापाएवढा, आणि कारखान्यातलं प्रत्येक ड्रॉइंग त्याच्या हातचं. तिला पेन्सिल कशी धरायची इथपासून त्यानेच शिकवलं. पुढे ती वसईत संध्याकाळचे कॉम्प्युटरचे क्लास करून आली आणि आमचा मालक परेशशेठ, त्याने कॉम्प्युटरची सगळी मशीनं तिच्या ताब्यात दिली. मला तेव्हा राग आला होता. कालची पोरगी, आणि तिच्या खोलीला एसी! माझ्या स्टोअरला साधा पंखा, तोही कटकट वाजणारा.

२००६ साली शेठने सगळ्या फाइली ठेवायला एक मोठं कॉम्प्युटर मशीन घेतलं आणि पॉलिनने त्यात दोन कप्पे पाडले. एक आमचा, एक शेठच्याच सातिवलीच्या युनिटचा. ती त्यांना कंटेनर म्हणायची. मला काडीचं कळत नव्हतं, म्हणून तिने माझ्या भाषेत सांगितलं. एका मजल्यावर दोन फ्लॅट, पाण्याची टाकी एक, पण या घरातल्यांना त्या घरातलं काही दिसायचं नाही. पुढच्या वर्षी, एप्रिलच्या शेवटी, सातिवलीचं युनिट बंद करून वालीवला आणलं. तेव्हा त्या कप्प्यातल्या सगळ्या फाइली पॉलिनने आमच्या कप्प्यात हलवल्या.

जूनमध्ये गिऱ्हाइकाकडून आठशे ब्रॅकेट परत आले. भोक अर्धा मिलिमीटर मोठं. शेठचा पारा चढला. ड्रॉइंग उघडलं तर बाराच्या जागी साडेबारा. कोणी बदललं? केबिनमध्ये आम्ही सहा-सात जण उभे, पॉलिनने मशीनवर बघितलं. फाइलीच्या मालकाच्या जागी व्हिन्सेंटचं नाव होतं.

व्हिन्सेंट म्हणाला, मी त्या ड्रॉइंगला दोन वर्षांत हात लावलेला नाही. शेठने पॉलिनला विचारलं, मशीन खोटं बोलतं का? ती पडद्याकडे बघत म्हणाली, "नाव तुमचंच आहे, अंकल." शेठने त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. सत्तावीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्याने चष्मा डबीत ठेवला, टेबलावरून डबा उचलला आणि निघाला. आणि मी, रोज त्याच्या डब्यातली बोंबलाची चटणी खाणारा आत्माराम, जमिनीकडे बघत उभा होतो.

कारखान्यात दुसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली. म्हातारा चळला, नजर गेली, कोणी तर म्हणालं गिऱ्हाइकाशी साटंलोटं असेल. माणसाच्या जिभेला हाड नसतं हेच खरं.

दहा दिवसांनी पॉलिन माझ्या स्टोअरमध्ये आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, काल चर्चमध्ये मिस्साला व्हिन्सेंट अंकल अगदी शेवटच्या बाकावर बसले होते, कोणाशी बोलले नाहीत, आशीर्वाद व्हायच्या आधीच उठून गेले. तिला घरी बसवेना, म्हणून सकाळी येऊन ती मशीनवरची तीच ओळ परत वाचत बसली. नावाच्या पुढेच तारीख होती. त्या दिवशी तिने नाव वाचलं, तारीख वाचलीच नव्हती.

"काका, सहा एप्रिलला ड्रॉइंग सेक्शनमध्ये कोण होतं?"

स्टोअरमधून कोणी काय नेलं त्याचं इश्यू रजिस्टर मी उघडलं. त्या पानावर कारखान्यातल्या तीन कामगारांच्या सह्या, बस्स. ड्रॉइंग सेक्शन बंद. "अगं, गुड फ्रायडे तो," मी म्हणालो. गुड फ्रायडेला व्हिन्सेंट दाढीसुद्धा करत नाही, तो ड्रॉइंगला हात लावणार?

ती स्टुलावर बसली. मग तिने सांगितलं ते असं. फाइलीवर मालकाचं नाव मशीन लिहीतच नाही, नुसता नंबर लिहितं. तो नंबर कोणाचा, याची यादी प्रत्येक कप्प्याची वेगळी. आमच्याकडे माणसं पंचिंग कार्डाच्या नंबराने ओळखली जायची, तेव्हा सोपं पडावं म्हणून तिने तेच नंबर मशीनला दिले होते. आणि कार्डं दोन्ही युनिटची पाचशेपासूनच सुरू व्हायची. आमचा पाचशे बारा व्हिन्सेंट. सातिवलीचा पाचशे बारा सिद्धेश नावाचा ड्राफ्ट्समन. त्याने सहा एप्रिलला त्यांच्या गिऱ्हाइकासाठी त्याच ब्रॅकेटचं भोक रीतसर साडेबारा केलं होतं. पॉलिनने फाइली हलवल्या तेव्हा ते ड्रॉइंग त्याच नावाच्या आमच्या ड्रॉइंगवर जाऊन बसलं, आणि पाचशे बारा नंबर तसाच बरोबर आला. आमच्या यादीत त्या नंबरापुढे व्हिन्सेंट. चूक ना व्हिन्सेंटची, ना सिद्धेशची.

परेशशेठ तसा वाईट माणूस नव्हता. केबिनमध्ये त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, व्हायरस आला होता असं सांगू, व्हिन्सेंटला बोलवून घेऊ, तुझं नाव कशाला मध्ये? खरं सांगतो, मीही मनात म्हटलं, घे की पोरी.

"व्हायरस नव्हता, शेठ. मी होते."

आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळी माणसं डबे उघडून बसलेली असताना, तिने उभं राहून सांगितलं. चूक कशी झाली, कोणाची झाली, सगळं. एक शब्द गाळला नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी आम्ही दोघं भुईगावला गेलो. व्हिन्सेंटने ओटीवर खुर्च्या मांडल्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नंबर चुकला, ते कळलं," तो म्हणाला. "नंबर कोणाचाही चुकतो. पण मी नाही म्हणालो, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, पॉलिन."

ती रडली नाही, सबब सांगितली नाही. हो, नाही बघितलं, एवढंच म्हणाली. मी चहाच्या कपात बघत होतो. तो तिला बोलला, पण लागलं मला.

पुढचे चार दिवस तिने दोन्ही याद्या समोर ठेवून फाइल न् फाइल तपासली. आमच्या माणसांना दहा हजारांपासून नंबर दिले, सातिवलीच्यांना वीस हजारांपासून. परत एका नंबरावर दोन माणसं येणं नाही. शेठ महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. ती रोज वेळेवर येत राहिली.

व्हिन्सेंटला परत आणायला शेठने दोनदा माणूस पाठवला. दुसऱ्या वेळी मी गेलो. त्याने मला बसवलं, बायकोला पोहे करायला सांगितलं, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग मी कामाचं विचारलं. तो नाही म्हणाला, आणि या वेळी मी त्याच्याकडे बघत होतो.