हरीशचा डावा पाय

हरीश कसा माणूस आहे असं कुणी विचारलं की मी आधी सांगायचे, भांडखोर आहे. आता तो भांडत नाही, आणि मला तेच सहन होत नाही.

इंग्लंडात मिल्टन कीन्सला आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. तो सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने 'चालतंय' म्हणून पुढे सरकवलेलं काम मोडून दाखवणं हे त्याचं पोटापाण्याचं साधन, आणि स्वभावही नेमका तसाच. मंडळाच्या गणपतीला कुणी स्टेजवरून पाचशे माणसं आल्याचं जाहीर केलं की हा स्वयंपाकघरात जाऊन किती ताटं लागली ते विचारून यायचा. त्याची बायको सुनीती माझी मैत्रीण. तिचा सगळा जन्म त्याच्या वतीने लोकांना सॉरी म्हणण्यात गेला.

मुलगी मालविका लीड्सला युनिव्हर्सिटीत गेली, घर रिकामं झालं, आणि पन्नाशीच्या या गृहस्थाने एक जुनी निळी स्पोर्ट्स कार आणली. दोनच सीटा. सुनीतीने नाव ठेवलं, सवत. आता नवी गाडी आणली की माणूस देवळात नेतो, फार तर बायकोला फिरवून आणतो. याने ती मोजायला नेली. रोलिंग रोड म्हणून एक प्रकार असतो. गाडी जागच्या जागीच असते, चाकांखाली रोलर फिरतात आणि गाडीची ताकद चाकांपाशी खरोखर किती पोचते ते मशीन सांगतं. कंपनीच्या कागदावर तीनशे हॉर्सपॉवर होती. चाकांपाशी अडीचशेच्या जरा वर भरली. दुसरा कुणी हळहळला असता. हा पेढे वाटायच्या बेतात घरी आला.

मग महिनाभर जो भेटेल त्याला तेच. कंपनी मोजते ती इंजिनाच्या तोंडाशी. पुढे गिअरबॉक्स आपला वाटा खातो, टायर आपला खातात, आणि रस्त्यावर उतरतं ते वेगळंच. मी म्हटलं, लग्नाच्या बायोडेटात लिहिलेली उंची आणि बोहल्यावर दिसते ती उंची, तसंच ना? ते त्याला इतकं आवडलं की त्याने ते स्वतःचं म्हणून सगळीकडे खपवलं.

नॉर्थॅम्प्टनच्या बाजूला एक सरळसोट पट्टी आहे. काही रविवारी तिथे कुणीही आपली गाडी घेऊन जावं आणि पळवावी. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, पाव मैलात काय ते होतं, आणि शेवटी हातात एक चिठ्ठी मिळते. पहिल्या साठ फुटांना किती वेळ लागला, एकूण किती लागला, शेवटी वेग किती होता, सगळं त्यात छापलेलं. सुनीतीने एकदा मला सोबत म्हणून ओढून नेलं. थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि भोवती जळक्या रबराचा वास. मला गाड्यांतलं ओ का ठो कळत नाही. तरी त्या दिवशी जे पाहिलं ते विसरलेले नाही.

हरीशच्या शेजारी एक नारिंगी गाडी होती, याच्या दुप्पट ताकदीची. दिवा हिरवा झाला. नारिंगी गाडी मोठ्यांदा ओरडली, तिची मागची चाकं जागीच गरगरली आणि पांढरा धूर झाला. आमची निळी मात्र ताटावरून उठून हात धुवायला निघाल्यासारखी शांतपणे निघाली आणि पुढे गेली ती गेली. नारिंगी शेवटी अगदी जवळ आली, पण मागेच राहिली. परत आल्यावर हरीशच्या कानापर्यंत हसू होतं.

"उजवा पाय कुणीही दाबतं गं," तो मला म्हणाला. "डाव्याचं ऐकता आलं पाहिजे."

मग त्याने पुरी खात खात समजावलं. क्लच हळूहळू सोडताना एक जागा येते, तिथे इंजिन चाकांना पकडतं. त्या जागेवर क्षणभर थांबायचं आणि मगच सोडायचं. घाई केली तर चाकं नुसती गरगरतात, उशीर केला तर गाडी खोकते. नव्या गाड्यांत त्यासाठी बटण असतं, त्याला त्या बटणाचा संताप यायचा. ती जागा डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना पुरेशी ऐकू येत नाही, ती तळव्याला कळते. म्हणून तो पट्टीवर पातळ तळाचे कापडी शूज घालायचा आणि गल्लीत गाडी काढायची तर चक्क अनवाणी बसायचा.

त्याला चाळिशीपासून साखर आहे. इथे डायबेटिसवाल्यांचे पाय वर्षातून एकदा तपासतात. डोळे मिटायला सांगतात, नर्स एक बारीक प्लास्टिकचा तंतू तळव्याला, बोटांना टेकवते, लागलं की यस म्हणायचं. एका वर्षी सुनीती त्याच्यासोबत गेली होती. संध्याकाळी ती माझ्या किचनमध्ये येऊन बसली.

"मीनाक्षी, तो अंदाजाने यस म्हणत होता," ती म्हणाली. "डाव्या पायाला तर नर्सने टेकवायच्या आधीच म्हणाला."

घरी येताना तिने गाडीत विषय काढला होता. तो म्हणाला, थंडीने जरा बधिर होतं, सगळ्यांचंच होतं. आणि हे एकदा रेकॉर्डवर गेलं की लायसन्सवाल्यांना कळवावं लागेल, ते आधी गाडी बंद करतील. गाडी बंद झाली तर मी करायचं काय, असं त्याने तिला विचारलं. मी दुसऱ्या दिवशी त्याला गाठून चांगलं झापलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, डिफेक्ट पुन्हा करून दाखव, मग मान्य करतो.

दाखवायला कशाला हवं होतं? चिठ्ठ्या होत्याच की. त्याच मला दाखवून तो कुरकुरायचा. शेवटचा वेग पूर्वीइतकाच, म्हणजे इंजिन ठणठणीत. पहिल्या साठ फुटांचा वेळ मात्र दोन वर्षं वाढतच चालला होता. त्याने टायर बदलले. मग क्लच बदलला. मग पट्टीच्या डांबराला नावं ठेवली. बाकी जगाचे आकडे उलटेपालटे करून तपासणारा हा माणूस, त्याला इतकं साधं गणित सुटलं नाही यावर माझा विश्वास नाही. ते त्याला सोडवायचंच नव्हतं.

गेल्या वर्षीचा दसरा आठवड्याच्या मधेच आला. इथे आपले सण रविवारची वाट बघत थांबतात, तेव्हा पूजा रविवारी. मालविका लीड्सहून आली होती. सकाळी ड्राइव्हवेवर निळ्या गाडीला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. हरीश धोतर नेसून, अनवाणी. त्याने नारळ कडेच्या दगडावर आपटला तो असा काही फुटला की तुकडे पार माझ्या दारापर्यंत उडाले. आम्ही हसलो. खोबरं वाटलं, सुनीतीने झाडू फिरवला. मग त्याने कपडे बदलले, मोजे आणि कापडी शूज चढवले आणि पट्टीकडे निघाला. त्या सीझनचा शेवटचा रविवार होता. मालविका सोबत गेली.

संध्याकाळी मी जेवायला त्यांच्याकडेच होते. दोघं आली. हरीश वैतागलेला होता, आजच्याइतका वाईट स्टार्ट जन्मात कधी झाला नाही म्हणाला. त्याने रीतीप्रमाणे दाराशी शूज काढले आणि बोलत बोलत आत आला. मालविका मागे होती.

"बाबा, थांब. तुझा पाय," ती म्हणाली. "कार्पेट बघ."

पांढुरक्या कार्पेटवर दारापासून एकाआड एक लाल ठसे उमटले होते. सुनीतीने त्याला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि मोजा सोलून काढला. चवड्यात, नेमका जिथे क्लच लागतो तिथे, करवंटीचा तुकडा रुतला होता. सकाळचा. त्या पायाने तो गाडी चालवत गेला होता, दिवसभर त्याच जागेने क्लच दाबत होता, पुन्हा पुन्हा, आणि स्टार्ट नीट का होत नाही म्हणून चिडत होता.

त्याने पायाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय मांडीवर घेऊन बसावं तसं. मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाला, "दुखलं नाही."

मालविका रडायला लागली. श्रीखंड तसंच फ्रिजमध्ये परत गेलं.

सुनीती त्याच रात्री हॉस्पिटलला चल म्हणत होती. तो म्हणाला, उद्या डॉक्टरकडे जातो. दुसऱ्या दिवशी जाऊन आलो म्हणाला, ड्रेसिंग करत राहा म्हणाले, असंही सांगितलं. ते खोटं होतं. तो दवाखान्याच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून राहिला आणि तसाच परत आला. आत गेला असता तर त्यांनी पाय तपासला असता, आणि या खेपेला यस म्हणून भागलं नसतं. हे त्याने सुनीतीला नंतर हॉस्पिटलात सांगितलं, सांगून काही उपयोग नव्हता तेव्हा. ती रोज घरी पट्टी बदलत राहिली. मग एक दिवस पट्टीला वास आला आणि त्याला हुडहुडी भरली.

डॉक्टरांनी आधी दोन बोटं काढली. मग अर्धं पाऊल. नाताळच्या आधी गुडघ्याखाली पाय काढला. मला त्याचा राग आला होता, इतका की मी पहिले काही दिवस वॉर्डात गेलेच नाही. अजून येतो. एका लायसन्सपायी अख्खा पाय दिला मूर्खाने. सुनीतीसमोर मी हे बोलत नाही, कारण ती त्याचा डबा घेऊन रोज दोन बस बदलून जायची, आणि तिचा चेहरा मला बघवायचा नाही.

जानेवारीत तो घरी आला. खालच्या बैठकीत पलंग टाकला. फिजिओवाली बाई गोड होती. ती हसून म्हणाली, ऑटोमॅटिक गाडी तुम्ही नक्की चालवू शकाल, तिला डावा पाय लागतच नाही. मी हरीशकडे पाहिलं. पूर्वीच्या हरीशने तिला तासभर बसवून घेतलं असतं. याने मान हलवली आणि थँक यू म्हणाला.

निळी गाडी विकायला काढली. लेस्टरहून एक तरुण सरदारजी बघायला आला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाकडे प्रेमाने पाहिलं आणि खुर्चीतल्या हरीशला विचारलं, किती हॉर्सपॉवर?

हरीश थोडा थांबला. मला वाटलं, आता सुरू होणार.

"तीनशे," तो म्हणाला.

सुनीती वळून घरात गेली. त्या मुलाने गाडी सुरू केली, घाईने क्लच सोडला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. त्याने ओशाळून आमच्याकडे पाहिलं. हरीशने त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा गाडी निघाली आणि कोपऱ्यावरच्या राउंडअबाउटला वळून दिसेनाशी झाली.

फेब्रुवारीत एका दुपारी मी मुगाचं कढण घेऊन गेले तर तो उशीला टेकून, दात आवळून बसला होता. कपाळावर घाम. मी विचारलं, काय होतंय? म्हणाला, पाय दुखतोय. मला वाटलं, जखम. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि ब्लँकेटवर बोट दाखवलं, गुडघ्याच्या पुढे, जिथे ब्लँकेट सपाट होतं. हॉस्पिटलात त्यांनी सांगितलं होतं म्हणे, असं होतं, मेंदूला पाय गेल्याचं अजून माहीत नसतं.

"अंगठा वेगळा कळतोय," तो म्हणाला. "करंगळी वेगळी. चवडा कळतोय. आत्ता क्लच दिलास ना, तर पकडतो कुठे ते अचूक सांगीन."

मी वाटी खाली ठेवली.

"मीनाक्षी, पाय होता तेव्हा काही लागत नव्हतं गं मला," तो म्हणाला, आणि हरीश माझ्यासमोर ढसाढसा रडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आवाज ऐकून सुनीती हात पुसत किचनमधून आली. हे दुखणं रोजचं असावं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्या सपाट ब्लँकेटवर दोन्ही हात ठेवून हळूहळू दाबायला लागली. खाली गादी होती, नुसती गादी. हरीशने डोळे मिटले.

"जरा खाली," तो म्हणाला.

सुनीतीने हात जरा खाली सरकवले आणि दाबत राहिली.